डिनी ब्रॅकनची टाच

माझ्या बहिणीचा, नुआलाचा नवरा डिनी ब्रॅकन याला मी एकदाच रडताना पाहिलं. सासऱ्याच्या मयतीला तो रडला नाही, मुलगी लग्न करून ऑस्ट्रेलियाला गेली तेव्हाही नाही. तो रडला एका चरात माती टाकली त्या दिवशी. घरी आला, गमबूट न काढताच नुआलाच्या स्वयंपाकघरात बसला. तिने पुढे ठेवलेला चहा निवून गेला तरी हात लावला नाही. मग म्हणाला, "आज मी वाहता चर बुजवला. माझ्या या हातांनी." नुआला आणि मी एकमेकींकडे बघितलं. हसावं की त्याच्या पाठीवरून हात फिरवावा, ते कळेना. शेवटी आम्ही दोन्ही केलं.

डिनीला हसण्याआधी आमच्या गावात चर म्हणजे काय ते ऐका. डेरीकॉलाची बॉग ही मैलोगणती पसरलेली ओली, काळी जमीन. तिच्यातलं पीट, म्हणजे हजारो वर्षं कुजलेल्या झाडपाल्याची माती, जाळायचं तर आधी तिला वाळवायला हवं, आणि वाळवायचं तर पाणी बाहेर काढायला हवं. म्हणून चर खणायचे, ते वाहते ठेवायचे, मग यंत्रं वरची कोरडी माती खरवडणार आणि छोटी आगगाडी ती वीजकेंद्राकडे नेणार. गावातल्या निम्म्या चुली त्या केंद्राच्या पगारावर पेटत आणि उरलेला निम्मा गाव त्या निम्म्यांना काही ना काही विकत असे. डिनीचं काम चरांचं. मिसरूड फुटायच्या आत बापाबरोबर तो पीट काढणाऱ्या कंपनीत लागला आणि संध्याकाळी गुरं घरी हाकावीत तसं त्याने जन्मभर पाणी हाकलं. एखादा चर तुंबला की मागची सगळी जमीन फुगायची, यंत्र रुतायचं आणि त्या उन्हाळ्याचं पीक गेलंच म्हणून समजा.

त्यामुळे आमच्याकडे एक रीत पडली. येता-जाता तुंबलेला चर दिसला की अडलेल्या मातीत टाच घालायची, गिरकी द्यायची, पाणी सुटलं की पुढे चालू लागायचं. चर कुणाचा हे विचारायचं नाही. फाटक उघडं दिसलं तर आपण लावून घेतो, तसंच हे. मुलांना आधी हे शिकवतात आणि प्रार्थना नंतर. मात्र घरच्या चुलीसाठी जो तो ज्या पट्ट्यातून पीट कापतो, त्या पट्ट्याला दुसरा कुणी बोट लावणार नाही. मालक अमेरिकेत जाऊन मेला तरी त्याच्या पट्ट्यातलं ढेकूळ तिथेच पडून राहील. फादर कॉर्कोरन म्हणतात, देवाच्या दहा आज्ञांपेक्षा या दोन आज्ञा गाव जास्त पाळतं. पापांची कबुली तेच ऐकतात, तेव्हा त्यांना माहीत असणार.

सरकारबद्दल मी फारसं बोलत नाही, कारण मी पोस्टाच्या खिडकीत बसते आणि पगार सरकारचाच घेते. पण एवढं बोलणारच. माझ्या वडिलांच्या काळात सरकार म्हणालं, बॉग ही देशाची संपत्ती आहे, खणा. आम्ही खणलं. मग एक दिवस त्याच सरकारला कळलं की वाळलेल्या बॉगमधून जो कार्बन हवेत जातो त्याने जगाला ताप चढतोय. केंद्र बंद झालं. त्याचे दोन मोठे बुरूज सुरुंग लावून पाडले, तेव्हा अख्खा गाव घडीच्या खुर्च्या घेऊन बघायला बसला होता. लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्या आजोबांनी टोप्या काढल्या. दगडासारखे हात झालेल्या गड्यांना सभागृहात बसवून कॉम्प्युटरचा उंदीर हलवायला शिकवलं. आणि फुलझाडांच्या कुंड्यांसाठी म्हणून पीट परदेशातून जहाजाने येऊ लागलं. म्हणजे आपलं अंगण स्वच्छ आणि खड्डा शेजाऱ्याच्या परसात. हे मला आजही पटलेलं नाही, आणि ज्यांना पटतं त्यांनी माझ्या खिडकीशी जपून बोलावं.

मग सरकारने ग्रॉन्या नावाची एक तरुण मुलगी पाठवली. कॉर्ककडची, वाऱ्यावर उडेल एवढी, पण धीट. तिने सभागृहात नीट समजावलं. बॉग ओली राहिली की कार्बन जमिनीत राहतो, म्हणून आता चर बुजवायचे, पाणी परत येऊ द्यायचं, आणि या कामाला पगार मिळेल. यावर मॅटी हीवी उभा राहिला. मॅटी म्हणजे आमच्या गावचा कायमचा विरोधी पक्ष. तो म्हणाला, "माझ्या आजाने पाणी काढलं, बापाने काढलं, मी काढलं. आता तुम्ही पैसे देऊन भरणार. पुढच्या वर्षी पोहायला शिकवायला कुणाला पाठवताय?" सभागृह हसलं, ग्रॉन्यासुद्धा हसली आणि त्याक्षणी ती आम्हाला आवडली.

काम डिनीला आणि त्याच्या चार-पाच जोडीदारांना मिळालं, पण तात्पुरतं. चर्चच्या मागचा एक तुकडा आधी करून दाखवायचा. मे महिन्यात डब्लिनहून सरकारचे टर्ली साहेब येऊन बघणार. चरांत पाणी काठोकाठ उभं असेल, तर उरलेल्या सगळ्या बॉगचं काम याच माणसांना, म्हणजे डिनीच्या निवृत्तीपर्यंतची ददात मिटली. नसेल, तर काम बाहेरच्या ठेकेदाराला. आणि मग डिनीला हमरस्त्यालगतच्या पार्सलच्या गोदामात जावं लागणार. ते गोदाम तो एकदा बघून आला होता. आल्यावर नुआलाला त्याने एवढंच विचारलं, "आत खिडकीच नाही गं. पाऊस पडतोय की नाही हे त्या लोकांना कळतं कसं?" हसत विचारलं, पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही असं नुआला म्हणाली.

पहिला चर बुजवून रडलेला हा माणूस हळूहळू बदलला. खोदयंत्राने बाजूची ओली काळी माती उचलायची, चरात कोंबायची, दाबायची, की झाला बांध. असे बांध ठरावीक अंतरावर घातले आणि त्यांच्या मागे पाणी थांबू लागलं. एका सकाळी त्याला चरात आभाळ दिसलं. त्याने नुआलाला फोन करून बोलावून घेतलं, म्हणाला लवकर ये, ढग आहेत तोवर. मग बदकांची जोडी उतरली. तेव्हापासून तो 'माझं पाणी' म्हणायला लागला. जन्मभर ज्याने पाण्याला हाकलून दिलं, त्याने पाहुण्याला ठेवून घ्यावं तसं ते ठेवून घेतलं आणि त्याला त्याचं कौतुक वाटायला लागलं. मला ते बघून बरं वाटलं. पन्नाशीनंतर पुरुष काही नवीन शिकतात हेच मला नवीन होतं.

आणि मग बांध फुटायला लागले.

शुक्रवारी नीट बुजवलेला चर सोमवारी वाहता मिळे. सगळे नाही, रोज नवे दोन-तीन. ग्रॉन्या म्हणाली कॅमेरे लावू. तिने पाट्या लावल्या, त्यांच्यावर कावळे बसले. डिनीच्या मनात मात्र एकच नाव होतं. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवरच त्याने मॅटी हीवीला गाठलं आणि सगळ्यांदेखत सुनावलं की सरकारवरचा राग माझ्या पोटावर का काढतोस.

मॅटीने टोपी नीट केली. "डिनी, मी जर तुझे बांध फोडले असते ना," तो म्हणाला, "तर भर दुपारी, बँड लावून फोडले असते. आणि तुला आमंत्रण दिलं असतं."

हे खरं वाटण्यासारखं होतं, तीच पंचाईत. मॅटीने आजवर एकही गोष्ट गुपचूप केलेली नव्हती. डिनी घरी येऊन येरझाऱ्या घालू लागला. शेवटी मीच म्हटलं, चल, जेवण झालं की झुडपाआड बसून बघू. नुआलाला यायचं नव्हतं, तिचा सफरचंदाचा केक ओव्हनमध्ये होता. मी थर्मास घेतला, हॅमची सँडविचेस घेतली आणि आम्ही दोघं काटेरी पिवळ्या झुडपांमागे बसलो. जानेवारीची थंडी. डिनी दात खात होता आणि मी सँडविच.

पहिले आले फादर कॉर्कोरन, कुत्र्याला फिरवायला. ओठ हलत होते, प्रार्थना चालू असावी. बांधापाशी थबकले. तुंबलेलं पाणी बघून त्यांच्या चेहऱ्यावर कणव आली, खोटं नाही सांगत, कणव. काठी खुपसली, दोनदा फिरवली, पाणी सुटलं. फादरांनी समाधानाने मान हलवली आणि प्रार्थना पुढे चालू केली. पाठोपाठ मॅटी हीवी आला. तो त्याच बांधावरून, खिशात हात घालून, कशालाही स्पर्श न करता निघून गेला. सरकारच्या वस्तूला हात लावणार नाही अशी त्याची शपथ होती. आणि मग लाल कोट दिसला. माझी बहीण. केक भाजून झाला होता आणि आम्हाला गरम तुकडे द्यायला ती रुमालात बांधून येत होती. गरम तुकडे एका हातात, दुसऱ्या हाताने स्कर्ट जरा वर, आणि टाच थेट बांधात. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही तिने.

डिनी झुडपातून उठला. आवाज चढवून तो सांगू लागला की नुआला, हे तू काय चालवलंयस, मी दिवसभर राबतो, गोदामात गेलो तर तुला बरं वाटेल का, बायकोच अशी तर शत्रू कशाला हवा. नुआला आधी गोंधळली, मग तिला समजलं, मग ती ओशाळली. तो बोलत होता, हातवारे करत होता, पुढच्या बांधावर उभा राहून बोलत होता. आणि मी खाली बघितलं.

"डिनी," मी म्हटलं, "तुझा पाय बघ."

त्याचा उजवा गमबूट टाचेपर्यंत मातीत गेला होता आणि गिरकी घेत होता. पाणी वाट काढून पलीकडे निघालंसुद्धा होतं. डिनीने पायाकडे असं बघितलं, जणू तो पाय शेजाऱ्याचा असावा. मग नुआला हसायला लागली. मीही. केकचे तुकडे चरात पडले. डिनी खाली बसला आणि एवढा हसला की परत डोळ्यांतून पाणी आलं, पण हे वेगळं. खरी गोष्ट ही की त्याचे बांध कुणा शत्रूने फोडले नव्हते. अख्खं गाव चांगुलपणाने फोडत होतं, आणि सगळ्यात पुढे तो स्वतः.

हसून झाल्यावर मात्र पंचाईत कळली. शत्रूला धरता येतं. सवयीला धरायचं कसं? फादरांनी पुढच्या रविवारी व्यासपीठावरून सांगितलं की चरांवर दया करू नका. लोकांनी माना डोलावल्या आणि घरी जाताना केली. पाटीने होईना, प्रवचनाने होईना. मे महिना काही थांबणार नव्हता.

उपाय नुआलाने काढला, भांडी घासताना. ती म्हणाली, "कंपनीचा चर सगळ्यांचा, म्हणून जो तो टाच घालतो. बांध घराघराला वाटून टाका. हा कॉर्कोरनांचा, हा आमचा, हा ब्रीजचा. मग दुसऱ्याच्या पट्ट्याला कोण हात लावतोय बघू." ब्रीज म्हणजे मी. डिनी तिच्याकडे बघतच राहिला. मग ती म्हणाली, आणि नुसते वाटू नका, ज्याचा त्याला चोपू दे, आजीच्या घराची जमीन चोपली तशी. आमच्या लहानपणी नव्या घरातली मातीची जमीन पक्की करायला नाच ठेवत. शेजारपाजारचे लोक पहाटेपर्यंत नाचले की जमीन दगडासारखी होई आणि दोन-चार लग्नंही जमत.

ग्रॉन्याला विचारलं. ती म्हणाली की दाबलेली माती ती दाबलेलीच, यंत्राने की नाचाने हे नियमात कुठे लिहिलेलं नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, ब्रिजिड संतिणीच्या सुट्टीला सगळं गाव बॉगवर लोटलं. डिनीने आधल्या दिवशी यंत्राने ताजी ओली माती प्रत्येक बांधावर टाकून ठेवली होती आणि घराच्या नावाची खुंटी रोवली होती. टॉमी गिनन अ‍ॅकॉर्डियन घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढला. त्याने सूर धरला आणि प्रत्येक बांधावर एकेक घर नाचायला लागलं. बांध अरुंद, माती निसरडी, आजूबाजूला पाणी. कोण पडलं नाही विचारा. फादर घोट्यापर्यंत चिखलात, पण पायांचा ठेका चुकला नाही. पोस्टातर्फे मी एकटी होते, म्हणून ग्रॉन्याला जोडीला घेतलं. कॉर्ककडच्या लोकांना नाचता येत नाही हा आमच्याकडचा समज त्या दिवशी मोडला. डिनी आणि नुआला एकमेकांचे हात धरून गोल फिरत होते आणि डिनीच्या टाचा खालची माती घट्ट करत होत्या. जन्मभर ज्या टाचेने पाणी सोडलं, तीच आता ते धरून ठेवायला शिकत होती, आणि शिकताना आनंदात होती. मी ते बघितलं आणि मला भरून आलं, सांगून टाकते.

एक बांध तेवढा रिकामा होता. सगळ्यात खालचा, सगळ्यात मोठा, सगळ्या तुकड्याचं पाणी ज्यावर येऊन टेकतं तो. त्याच्या खुंटीवर नुआलाने 'हीवी' लिहिलं होतं. मॅटी रस्त्यावर सायकल धरून उभा राहून बघत होता. डिनी त्याच्यापाशी गेला. पायऱ्यांवर जे बोललो ते चुकीचं होतं असं त्याने सांगितलं आणि माफी मागितली. मॅटी म्हणाला ठीक आहे, पण सरकारच्या मातीवर मी नाचणार नाही.

"सरकारची कुठे, तुझी आहे," डिनी म्हणाला. "नाव वाच. तू नाही चोपलीस तर सगळ्यांचं पाणी तुझ्या नावाने वाहून जाईल, एवढंच."

मॅटीने खुंटीवरचं नाव वाचलं. मग त्याने सायकल कुंपणाला टेकवली, बायकोला हाक मारली आणि गमबुटासकट असा नाचला की टॉमीला वेग वाढवावा लागला.

त्यानंतर एकही बांध फुटला नाही. उलट नवाच आजार लागला. मिस्सा सुटली की लोक आपापला बांध बघायला जात, दुसऱ्याच्या बांधाला नाक मुरडत, घरून फावडी आणून आपला बोटभर उंच करत. मार्चमध्ये फादरांच्या चरात बेडकांनी अंडी घातली, तर देवाने आपल्या माणसाला झुकतं माप दिलं अशी कुरकुर झाली. एप्रिल मात्र कोरडा गेला. पूर्वेचा वारा सुटला, पाणी चार बोटं उतरलं आणि डिनी परत येरझाऱ्या घालू लागला. नुआलाने त्याचा गोदामासाठीचा शर्ट इस्त्री करून कपाटात ठेवला होता. तो तिने त्याला दाखवला नाही, मला दाखवला.

टर्ली साहेब आले ते मेच्या दुसऱ्या आठवड्यात. उंच, गोड बोलणारे, पॉलिश केलेले बूट. ते हिशेबाच्या खात्यातले, बॉगवर पहिल्यांदाच आलेले आणि तसं त्यांनी आल्याआल्या मोकळेपणाने सांगितलंही. अख्खा गाव योगायोगाने तिथेच फिरायला आलेला होता. ग्रॉन्या पाणी मोजायला जमिनीत रोवलेल्या नळ्यांमधले आकडे दाखवत होती. साहेब माना डोलावत होते, पण चेहरा साशंक होता. ते म्हणाले, आकडे चांगले आहेत, पण मला पाणी दिसत नाही, सगळीकडे गवतच दिसतंय. डिनीचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी चहूकडे बघितलं आणि त्यांना छान हिरवी, सपाट पायवाट दिसली. ग्रॉन्या "तिथे नको" म्हणेपर्यंत ते तिच्यावर पाऊल ठेवून मोकळे झाले होते.

ती पायवाट नव्हती. तो मॅटी हीवीचा चर होता, सगळ्यांचं पाणी खाली येऊन काठोकाठ भरलेला आणि वर शेवाळाची साय आलेला. साहेब कमरेपर्यंत आत गेले.

कुणी हसलं नाही. सगळे डिनीकडे बघत होते आणि डिनी साहेबांच्या कमरेकडे. साहेबांनी हातपाय मारले, आणि वर येण्यासाठी दोन्ही हातांनी बांधाची कड गच्च पकडून ओढली. मातीचं एक ढेकूळ निसटलं. तेवढ्यात गर्दीतून मॅटी हीवी धावत पुढे आला.

"साहेब, बांध सोडा," तो ओरडला. "बुडायचं तर बुडा, पण माझं पाणी सांडू नका."

आधी साहेबच हसले, पाण्यात उभे राहून, चष्म्यावर शेवाळ घेऊन. मग गाव हसलं. डिनीने हात देऊन त्यांना बाहेर काढलं आणि तो हात साहेबांनी बराच वेळ सोडला नाही. म्हणाले, पाणी पाहिलं, ब्रॅकन, काम तुमचंच. नुआला माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही. मॅटी तेव्हा गुडघ्यांवर बसून निसटलेलं ढेकूळ जागेवर दाबत होता, आणि डिनी त्याच्याशेजारी जाऊन बसला व दुसऱ्या बाजूने दाबू लागला.